पुरुमेंताआधी (पावसाळ्याच्या साठवणीआधी) एकच जादूची वस्तू घ्यायची आहे: सदाताजी पेटी, न संपणारी कणगी की चालती पिशवी?

ढवळीची_सून:
नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच धागा काढतेय. आम्ही गोव्यात फोंड्याजवळ ढवळीला फ्लॅटमध्ये राहतो, मी, नवरा, सासूबाई आणि सातवीतला मुलगा. स्वयंपाकघर लहान, ओट्याखालचं एकच कपाट रिकामं आहे. यंदा पावसाआधी घरात एक जादूची वस्तू घ्यायचं ठरलंय, फक्त एक, आणि बजेट बारा हजार. बारा म्हणजे बाराच हां, पुढच्या महिन्यात गाडीचा इन्शुरन्स भरायचाय.

घरात तीन मतं आहेत. सासूबाईंना न संपणारी कणगी हवी, घरात तांदूळ भरपूर असला की त्यांना शांत झोप लागते. नवऱ्याला चालती पिशवी हवी, आपणच बाजारात जाते आणि सामान घेऊन येते, त्याला पार्किंगचा वैताग आहे. मला सदाताजी पेटी घ्यावीशी वाटते, आत ठेवलेल्या वस्तूपुरता वेळ थांबतो म्हणतात. १ जूनला मासेमारी बंद झाली की ३१ जुलैपर्यंत ताज्या माशाचे वांदे, म्हणून मे महिन्यातच इसवण (सुरमई) आणून ठेवता येईल असा विचार. सोमवार-गुरुवार आम्ही शिवराक (शाकाहारी), बाकीचे दिवस हुमण (माशाची आमटी) लागतंच. ज्यांनी प्रत्यक्ष वापरलंय त्यांनी सांगा प्लीज.

कुळागर_सावईवेरें:
पेटी घ्या, डोळे मिटून घ्या. पण छोटी नको. आमच्याकडे दोन कप्प्यांची आहे, पस्तीस हजारांना घेतली आणि पै न् पै वसूल झाली. सकाळी पोदेर (पाववाला) भोंपू वाजवत आला की गरम पोळ्या (पाव) घेऊन तशाच आत टाकतो, रात्री जेवताना काढल्या तरी हाताला चटका बसतो, मोडली की आतून वाफ येते. मे महिन्यातले आमच्या झाडाचे मानकुराद आंबे चवथीला (गणेश चतुर्थीला) पाहुण्यांना कापून दिले, सगळे विचारत बसले हे आता आले कुठून. बजेट थोडं वाढवा, अशी वस्तू आयुष्यात एकदाच घेतली जाते.

खोर्लीचा_म्हापशेकर:
पेटी मी पण वापरतो आणि चांगलीच आहे पण दुकानदार एक गोष्ट सांगत नाही ती सांगतो. वेळ थांबतो म्हणजे सगळ्यासाठी थांबतो. आमच्या आईने सान्नांचं (इडलीसारखं आंबवायचं) पीठ रात्री आत ठेवलं, सकाळी बघितलं तर होतं तसंच, एक बुडबुडा नाही. मिस्कुटाची (कैरीच्या लोणच्याची) बरणी ठेवली तर कैऱ्या कडक त्या कडकच राहतात, मीठ आत शिरतच नाही. दही लागत नाही, केळी पिकत नाहीत, मासळीला मीठ-हळद लावून ठेवली तर ती मुरत नाही. तेव्हा जे तयार आहे ते आत आणि जे अजून व्हायचंय ते बाहेर, एवढं घरातल्या सगळ्यांना नीट समजवावं लागतं नाहीतर भांडणं होतात. सावईवेरेंच्या काकांनी आंबे पिकलेले ठेवले असणार, हिरवे ठेवले असते तर चवथीला लोणचंच घालावं लागलं असतं.

आणि माल आत जाताना जसा असेल तसाच बाहेर येतो. संध्याकाळच्या बाजारातला मऊ पडलेला बांगडा ठेवला तर दोन महिन्यांनी तो मऊच निघणार. साखर मुंग्यांसकट ठेवली तर मुंग्यासुद्धा चालत बाहेर येतात.

ढवळीची_सून:
धन्यवाद दोघांना. पिठाचं माहीत नव्हतं, चांगलं झालं सांगितलंत. काका, बजेट मात्र खरंच बाराच्या वर जात नाही.

डिचोलीची_माई:
पिशवी अजिबात घेऊ नकोस गो बाय. आमच्याकडे होती. बुधवारचा बाजार घरापासून जवळ म्हणून यजमानांनी हौसेने आणली. पिशवीला सांगाल तेवढं कळतं, त्यापुढे काही नाही. "वांगी" म्हटलं की पहिल्या दिसणाऱ्या बाईकडची वांगी भरून येते, मग ती किडकी असोत की जून. आगशीची वांगी आण म्हणून बजावलं तर रात्र झाली तरी परत येईना, सगळ्या बाजारात तेच शोधत फिरत होती. आणि पावसात काय करते माहीत आहे? भिजून जड झाली की कुठल्यातरी दुकानाच्या पत्र्याखाली उभी राहते, पाऊस थांबल्याशिवाय हलत नाही. आता जुलैत पाऊस थांबायची वाट बघायची म्हणजे जेवणच नको. आतली तांबडी भाजी काळी पडून आली.

सगळ्यात राग येतो तो भावाचा. बसलेल्या बायकांना ती दुरून ओळखू येते, "ही पोती कोणाची गो?" विचारतात, घासाघीस करायला कोणी नाही बघून वरचा भाव लावतात. मी स्वतः गेले की भाजीवाली वर एक जुडी टाकते, मिरच्या मूठभर जास्त देते. पिशवीला वर काही मिळत नाही.

बांगडा_मडगाव:
माईंना अनुमोदन. पिशवी बटाट्या-कांद्याला ठीक पण मासा आणायचं काम तिचं नव्हे. कल्ला उचलून आत लाल आहे का बघावं लागतं, डोळा फुगीर आणि स्वच्छ पाहिजे, बोटाने दाबलं की मांस परत वर आलं पाहिजे, खड्डा राहिला की पुढे चालायचं. ओळखीची बाई असेल तर ती स्वतःच सांगते की आज हा वांटो (वाटा) नको नेऊस, उद्या ये. २०१८ च्या जुलैत माशाला फॉर्मेलिन हे रसायन मारल्याचा जो गोंधळ झाला त्यानंतर आमच्या घरी काही महिने मासाच आणला नाही, कारण औषध मारलेल्या माशाचा वास सुद्धा फसवतो.

त्यामुळे माझा सल्ला तिन्हींपैकी काहीच नको. खरी ताटली घ्या. पितळेची असते, त्यावर मासा ठेवला की ताज्याला कडा थंड राहते आणि शिळ्याला तापते. दोन-अडीच हजारात येते. मी रोज खिशात घालून मार्केटमध्ये जातो, आता मला बघितलं की बायका चांगला मालच पुढे करतात.

अजून एक. १ जूनपासूनची बंदी यांत्रिक बोटींची आहे, बिनइंजिनाच्या होड्या बंद नसतात. खाडीतला, नदीतला मासा पावसात पण मिळतो, थोडा शोधावा लागतो, पैसे थोडे जास्त जातात. पावसातली खाडीची सुंगटां (कोळंबी) खाऊन बघा मग पेटीतल्या इसवणाची आठवण येणार नाही.

काणकोणची_खोला_मिरची:
खरी ताटली सुक्या माशाला चालत नाही हे पण सांगा की. आम्ही पुरुमेंताचे सुके बांगडे आणि गालमो (सुका जवळा) घ्यायला गेलो तर प्रत्येक वेळी कडा तापली. सुकं म्हणजे शिळं नव्हे. त्या बाईसमोर आमचा अपमान झाला, तिने चांगला खणखणीत वाळलेला माल आणला होता.

बांगडा_मडगाव:
ताटली ताज्या माशासाठी आहे हे तिच्या पाठीमागे कोरलेलं असतं.

काणकोणची_खोला_मिरची:
आमच्या ताटलीमागे काहीच कोरलेलं नाही.

वाळपईकर_सत्तरी:
सासूबाई बरोबर आहेत. कणगीच घ्या. आमच्या घरात पाचव्या पावसाळ्यात चाललीय, तांदूळ म्हणून विकत आणलेला नाही. पण नीट वाचा, कारण नंतर बदलता येत नाही.

कणगी पहिल्यांदा जे भराल तेच कायम देते, अगदी जसंच्या तसं. माझ्या मेव्हण्याने घाईघाईत दुकानातून आणलेलं पोतं निवडल्याशिवाय ओतलं, त्यात खडे होते आणि टोके (धान्यातले किडे) पण होते. आता त्याला जन्मभर खड्यांचा आणि टोक्यांचा पुरवठा चालू आहे, जितका तांदूळ निवडून काढतो तितके नवे येतात. म्हणून पहिलं माप घालायच्या आधी तांदूळ चाळा, पाखडा, उन्हात घाला, एकेक दाणा बघून घ्या, घरातल्या सगळ्यांना बसवा. आम्ही अख्खा रविवार त्यात घालवला होता आणि आजपर्यंत भातात दाताखाली काही आलं नाही.

दुसरं म्हणजे तळ कधी दिसू द्यायचा नाही. मूठभर तरी शिल्लक पाहिजे, त्यावरच पुढचा भरतो. शेवटचा दाणा काढला की साधी कणगी. आमच्याकडे आत तळाला एक पुरचुंडी बांधून ठेवलीय म्हणजे नवीन माणसाने चुकून काढला तरी तेवढा राहतो.

चोडणचा_खाजनकार:
मला या कणग्यांबद्दल बोलायचंय. आमची खाजन जमीन आहे. खाऱ्या पाण्याच्या शेजारी, बांध घालून राखलेली. भरती आली की मानशीचं (पाण्याच्या झडपेचं) दार लागतं, ओहोटीला उघडतं, तेवढ्यावर सगळं शेत उभं असतं. बांधाला एक भोक पडलं आणि खारं पाणी आत शिरलं की वर्ष जातं. त्यातल्या त्यात टिकतो तो कोरगुट तांदूळ, कारण त्याला खारटपणा सहन होतो. हे सगळं गावाने मिळून करायचं काम आहे आणि आता माणसं मिळत नाहीत. अशात घरोघरी न संपणाऱ्या कणग्या बसल्या तर आमचा तांदूळ घेणार कोण? बांध कोण बांधणार? शेत पडीक राहिलं की पहिल्यांदा बांध जातो आणि मग खारं पाणी शेजारच्याच्या शेतात पण शिरतं. कृपा करून विचार करा. चांगला कोरगुट हवा असेल तर शेतकऱ्याकडून घ्या, वर्षाचा एकदम घ्या, आमच्याकडचे लोक घरपोच पण देतात.

वाळपईकर_सत्तरी:
दादा तुमचं दुःख कळतं. पण आमची पहिली भरणी शेतकऱ्याकडूनच घेतलेली होती, उकडा, आणि त्याला दर वर्षी नव्या भाताच्या वेळी पैसे नेऊन देतो. त्याने मागितले नव्हते. घरात त्याचाच तांदूळ शिजतो मग देणं आलंच.

चोडणचा_खाजनकार:
असं सगळ्यांनी केलं तर माझं काही म्हणणं नाही.

पेजेचा_भक्त:
पेजेला कोरगुटच. बाकी सगळे उकडे पांचट. पेज आणि वर सुक्या बांगड्याचा तुकडा, आजारी माणूस उठून बसतो.

रोजचा_ज्योती:
रोजच्या भाताला ज्योती तांदूळच बरा. कोरगुट शिजायला गॅस किती जातो ते बघा आधी.

पेजेचा_भक्त:
गॅस जातो म्हणून पेज सोडायची का? रात्री भिजत घाला.

रोजचा_ज्योती:
रात्री भिजवून पण ज्योतीच्या दुप्पट वेळ लागतो, मी करून बघितलंय. आणि ज्योतीची पेज पण चांगलीच होते, तुम्ही पाणी कमी घालत असणार.

सत्तरीतली_गृहिणी:
सगळे एवढं लिहितायत पण अक्षय थाळीबद्दल कोणीच कसं बोलत नाही? आमच्याकडे आहे, सासरहून आलीय, विकत घ्यायची तर माहीत नाही केवढ्याला पडेल, बहुतेक लाखाच्या वर. शिजवायचं नाही, निवडायचं नाही, साठवायचं नाही. पाहिजे ते मनात आणायचं आणि वाढायचं. चवथीला सगळं भावकीचं जेवण तीवरच झालं, खतखतें, मणगणें, पातोळ्यो, सगळं.

फक्त घरातली बाई जेवली की त्या दिवसाची थाळी संपते. मग दुसऱ्या दिवशीपर्यंत रिकामी. त्यामुळे मला शेवटी जेवावं लागतं. पाहुणे तीन वाजेपर्यंत येत राहिले की मी तीन वाजेपर्यंत उपाशी.

कथा_जाणकार:
ही अट मूळचीच आहे. महाभारतात वनपर्वात युधिष्ठिराला सूर्याने ते पात्र दिलं तेव्हाच ठरलेलं, द्रौपदी जेवेपर्यंत अन्न संपणार नाही. म्हणूनच द्रौपदीचं जेवण झाल्यावर दुर्वास ऋषी शिष्यांना घेऊन आले तेव्हा पंचाईत झाली. कृष्णाने पात्राला चिकटलेलं भाजीचं पान खाल्लं आणि तिकडे नदीवर सगळ्यांची पोटं भरली. तेव्हा थाळीत दोष नाही, तिचा नियमच तो आहे.

डिचोलीची_माई:
नियम असला म्हणून काय झालं? द्रौपदी वनवासात होती, हिच्या घरात कोणी वनवासात नाही. घरातल्या बाईने तीन वाजेपर्यंत उपाशी बसायचं आणि बाकीच्यांनी हात धुऊन झोपायचं? बाय, तू साधा भात-आमटी वेगळ्या भांड्यात करून वेळेवर जेव आणि थाळीतलं शेवटी घासभर घे.

सत्तरीतली_गृहिणी:
माई, वेगळ्या भांड्यातलं खाल्लं तरी थाळीला कळतं. बघितलंय करून. सासूबाई म्हणतात आम्ही पण असंच केलं. पण मी आता ठरवलंय, एक वाजला की जेवायचं, ज्याला यायचंय त्याने एकच्या आधी यायचं. गेल्या महिन्यापासून चालू केलंय. पहिले थोडे दिवस आवाज झाला, आता सगळे साडेबाराला ताटावर असतात.

डिचोलीची_माई:
शाबास.

रगड्यावरचा_मसाला:
यातलं काही घ्या पण दुकानात ती आपोआप नारळ खवणारी आदोळी (विळी) गळ्यात मारायला बघतील, ती घेऊ नका. नऊ हजार घातले मी. फोडलेली कवड (अर्धा नारळ) पात्यावर टेकवली की ती आपणच फिरते हे खरं आहे, हात लावावा लागत नाही, पण करवंटीच्या जवळ आली की थांबते. पांढरं तेवढंच काढते, तपकिरी कीस काढायचं नाव नाही. करवंटीला खोबऱ्याचा थर तसाच राहतो. हुमणाला तो कीस चालतो ना, वाटणात काय कळतंय, मग वाया का घालवायचा? शिवाय एका वेळी एकच नारळ, तो झाला की दुसरा दुपारपर्यंत घेत नाही. आमच्या घरी पाहुणे असले की चार नारळ लागतात. मी परत हातानेच खवतो.

शिरोड्याचा_शेजारी:
+१ पेटी. भोंपू वाजला की पोळ्या आत, हा वरच्या काकांचा उपाय आम्ही पण करतो. पण काकांची पेटी पस्तीसला मिळाली, आम्हाला तीच एकोणतीसला मिळाली. म्हापशाला शुक्रवारी चौकशी करायची, फोंड्यात नको.

कुळागर_सावईवेरें:
एकोणतीसची एका कप्प्याची असणार.

शिरोड्याचा_शेजारी:
दोन कप्प्यांची आहे. फोटो टाकू का?

ढवळीची_सून:
भांडू नका प्लीज. रगड्यावरचा मसाला, तुम्हाला विचारायचं होतं, आदोळीला एक नारळ खवायला किती वेळ लागतो? आणि आवाज होतो का? आमच्याकडे रोज एकच नारळ लागतो. सासूबाईंचं मनगट गेल्या वर्षापासून दुखतं, डॉक्टरांनी खवणं, पिळणं बंद सांगितलंय, त्यामुळे सकाळी सव्वासहाला मी बसते आणि साडेसातला मला निघायचं असतं. मिक्सरमध्ये तुकडे घालून बघितले, चव येत नाही म्हणून नवरा नाक मुरडतो आणि सोलकढीला तर रंगच जातो.

तिळामळचा_भाट:
ताई कणगी घ्या.

खोर्लीचा_म्हापशेकर:
पेटीच घ्या असं माझं मत कायम आहे पण बारा हजाराचा मुद्दा सगळे विसरतायत म्हणून लिहितो. नवीन पेटी बारात येत नाही, येईल ती टिफिनएवढी येईल. वापरलेली घ्यायची तर मिळते दहा-अकराला, पण तपासून घ्या. बर्फाचा खडा सोबत न्या. खडा आत ठेवा, झाकण लावा, दुकानदाराशी अर्धा तास गप्पा मारा, मग उघडा. खडा कोरडा पाहिजे, खाली थेंब नको. थेंब दिसला तर झाकणाच्या कडेतून वेळ झिरपतोय, असली पेटी फुकट पण घेऊ नका, कारण बाहेरून कळत नाही आणि आतला मासा हळूहळू जातो. उदबत्तीने पण बघता येतं, पेटवून ठेवायची, उघडल्यावर जळलेला भाग वाढलेला नसला पाहिजे.

जुन्या पेट्यांचं झाकण समुद्राजवळच्या हवेत लवकर जातं, मिठाने कडेची पट्टी खाल्ली जाते. किनाऱ्यावरच्या घरातली जुनी पेटी शक्यतो टाळा, फोंडा-सांगे बाजूची बघा.

माटोळी_प्रेमी:
पेटी घेणाऱ्यांना प्रश्न. माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळांच्या चौकटीचं) सामान आत ठेवलेलं चालतं का? चवथीच्या आदल्या दिवशी माटोळीच्या बाजारात एवढी गर्दी आणि भाव असतात की कांगलां, माट्टुतीची फळं, आंबाडे मिळता मिळत नाहीत. आधीच रानातून आणून ठेवली तर?

डिचोलीची_माई:
चालतं की, फळ ताजं आहे ना.

कथा_जाणकार:
फळ ताजं असलं तरी माटोळी त्या त्या दिवसांत रानात जे येतं त्याची असते. जूनमध्ये काढून ठेवलेलं लावलं तर त्यात भाद्रपद कुठे राहिला? मी तरी लावणार नाही. पण चार दिवस आधी आणून ठेवायला हरकत नसावी.

माटोळी_प्रेमी:
चार दिवसच म्हणतोय मी. जून कोण म्हणालं?

रगड्यावरचा_मसाला:
@ढवळीची_सून, उशिरा उत्तर देतोय. एका नारळाला साधारण पाव तास. आवाज नाही, कीस पडताना जो होतो तेवढाच. खाली ताट ठेवायचं, उडत नाही. पण परत सांगतो, करवंटीला खोबरं राहतं आणि पैसे वाया जातात. त्यापेक्षा ताटली घ्या, पेटी घ्या, काहीही घ्या.

ढवळीची_सून:
ती पांढरंच काढते ना, तपकिरी अजिबात नाही? एकदा खात्री करून सांगाल?

रगड्यावरचा_मसाला:
अजिबात नाही. तेच तर रडगाणं आहे.

बांगडा_मडगाव:
ताई आदोळीच्या नादी लागू नका. मुद्दा माशाचा होता.

कुळागर_सावईवेरें:
आदोळी तर हाताची बरी. आमच्या आजीची अजून आहे, पात्याला धार लावली की झालं. पेटी घ्या हो.

ढवळीची_सून:
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर कोणी सांगितलं नसतं. काल म्हापशाला जाऊन आलो. निर्णय झाला, आदोळी घेतली. नऊ हजार दोनशे.

का ते लिहिते, कारण सगळ्यांनी वेगळं सांगितलंय आणि मला तुमचा मान राखायचाय. पेटी नवीन परवडत नाही. वापरलेल्या दोन बघितल्या, बर्फाचा खडा नेला होता, दोन्हीत खाली पाणी होतं. म्हापशेकर दादा, तुमच्यामुळे दहा हजार वाचले. कणगी चांगलीच आहे पण ओट्याखालच्या कपाटात मावत नाही, आणि खाजनकार दादांचं वाचल्यावर सासूबाईंनीच सांगितलं की आपण वर्षाचा तांदूळ शेतकऱ्याकडून घेऊ. दादा, नंबर मेसेजमध्ये पाठवाल का, कोरगुट आणि उकडा दोन्ही हवेत. पिशवीचं माईंनी सांगितलेलं नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं, तो गप्प झाला.

राहिली आदोळी. आमच्या घरात रोजचं काम नारळाचं आहे. मासा असो नसो, सोमवार असो की शुक्रवार, नारळ फुटतोच. पेटीने मला इसवण मिळाला असता पण सकाळचा खवण्यात जाणारा वेळ मिळाला नसता. आणि मसाला दादा, तुम्ही जो दोष सांगितलात तोच मला हवाय. सोलकढीला, मणगण्याला, पातोळ्यांच्या चुनाला (सारणाला) पांढराच कीस लागतो, तपकिरी एक चिमूट गेला तरी नारळाचा रस काळपट दिसतो. सासूबाई नेहमी दोनदा थांबून करवंटी बघायच्या, म्हणून त्यांचा रस एकदम दुधाळ यायचा. मला घाईत ते जमत नाही. दुकानात त्यांना समोर खवून दाखवलं तर त्यांनी कीस हातात घेऊन चोळून बघितला आणि म्हणाल्या, हीच घे. करवंटीला राहिलेलं खोबरं रविवारी मी हाताने काढून हुमणाच्या वाटणात घालीन, काही वाया जाणार नाही.

उरलेल्या पैशात पुरुमेंत केलं. सुके बांगडे, गालमो, सोलां (कोकम), चिंच आणि कांद्याच्या माळा.

कुळागर_सावईवेरें:
पश्चात्ताप होईल. जुलैत इसवण खावासा वाटला की मला आठवा.

बांगडा_मडगाव:
जुलैत इसवण कशाला, खाडीची सुंगटां सांगितली ना मी वर.

डिचोलीची_माई:
चांगलं केलंस बाय. मनगट सांभाळायला सांग त्यांना, रात्री कोमट तेल लाव.

चोडणचा_खाजनकार:
ताई, मेसेज केलाय. नवा तांदूळ दिवाळीच्या आसपास, सध्या मागच्या वर्षीचा आहे, पेजेला जुनाच चांगला.

रोजचा_ज्योती:
जुना असला तरी कोरगुटला वेळ लागतोच.

रगड्यावरचा_मसाला:
घेतलीच आहे तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. फ्रीजमधली थंड कवड तिला देऊ नका, पातं अडतं. आणि नारळ फोडल्यावर पाणी पूर्ण निथळू द्या, ओल्या कवडीवर ती घसरते. माझी बाकी तशीच पडून आहे, कुणाला हवी असेल तर सहाला देतो.

सत्तरीतली_गृहिणी:
मला हवी. कोमुनिदादवाल्या रस्त्याने येता की मी येऊ? थाळी असली तरी सोलकढी मी घरचीच करते.

ढवळीची_सून:
मसाला दादा, अजून एक विचारायचं राहिलं. महिन्याला पात्याला तेल लावायला दुकानदाराने सांगितलं, ते खोबरेल चालतं की दुसरं?

रगड्यावरचा_मसाला:
खोबरेलच. दुसरं लावलंत तर कीसाला वास येतो.